मंद नाडी : बळाची खूण की धोक्याची?

गेल्या हिवाळ्यात एकाच आठवड्यात दोन रुग्ण माझ्या दवाखान्यात आले. दोघांचीही नाडी मंद होती. एकाला मी पाठ थोपटून घरी पाठवले आणि दुसऱ्याला त्याच दुपारी रुग्णवाहिकेतून मोठ्या रुग्णालयात धाडले. असे का केले, ते वाचकांना सांगावे म्हणून आजचा हा लेख. दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली होती. तीही सांगणार आहे, कारण तशीच चूक घरोघरी होत असते.

पहिला रुग्ण एकवीस वर्षांचा तरुण. मूळचा पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. नाशकात मामांकडे राहून पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे आपल्या गोल्फ क्लबच्या मैदानावर, तो धावायचा आणि रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायचा. मामांनी स्वतःसाठी रक्तदाब मोजण्याचे यंत्र घेतले होते. एका संध्याकाळी गंमत म्हणून भाच्याच्या दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब ठीक होता, पण नाडी निघाली ४६! मामांची स्वतःची ८२. झाले, घरात घबराट पसरली. मामींनी पोराचे धावणे बंद करायला लावले आणि दूध-बदाम सुरू केले.

"डॉक्टर, पोराचं हृदय कमजोर झालंय का? भरतीच्या मेडिकलला बाद करतील का?" मामांनी विचारले.

मी मुलालाच प्रश्न विचारले. चक्कर येते का? कधी शुद्ध हरपली का? धावताना छातीत दुखते का? पूर्वीपेक्षा लवकर दम लागतो का? घराण्यात कोणी तरुण वयात अचानक गेले का? प्रत्येक प्रश्नाला उत्तर "नाही". उलट तो म्हणाला, "सर, सोळाशे मीटरला आता पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत."

त्याचा ईसीजी काढला. ठोके सावकाश होते, पण एकामागून एक नेमके, जागच्या जागी पडत होते. मग त्याला दवाखान्याचा जिना चार वेळा चढायला-उतरायला लावला. लगेच नाडी मोजली, ११८ भरली. गरज पडताच हृदयाने वेग घेतला होता. मामांना म्हटले, "अहो, हे हृदय कमजोर नाही, कसलेले आहे. उद्यापासून पोराला पुन्हा धावू द्या."

थोडक्या ठोक्यांत जास्त काम

मोठ्या माणसाची विश्रांतीच्या वेळची नाडी मिनिटाला ६० ते १०० असते, असे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. ६० च्या खाली गेली की वैद्यकशास्त्रात तिला 'ब्रॅडीकार्डिया' म्हणजे मंद नाडी म्हणतात. पण हा आकडा म्हणजे काही लक्ष्मणरेषा नव्हे. अनेक धडधाकट माणसांची नाडी पन्नाशीत असते. अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत तर मंद नाडीसाठी ५० च्या खालचा आकडा धरला आहे. झोपेत तरुण माणसाची नाडी चाळिशीत उतरणेही नेहमीचेच.

याचा हिशोब सोपा आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीराला मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवावे लागते. साधारण हृदय एका ठोक्याला ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते, म्हणून त्याला ७० च्या आसपास ठोके द्यावे लागतात. वर्षानुवर्षे धावणाऱ्याचे हृदय जरा ऐसपैस आणि बळकट झालेले असते. ते एका ठोक्यात १०० मिलिलिटर ढकलत असेल, तर ५० ठोक्यांत तेच काम होते. मोठ्या घागरीने पाणी आणणाऱ्याच्या खेपा कमी होतात, तसेच हे.

आपल्या जिल्ह्याला अशी हृदये नवी नाहीत. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत डोंगरवाटा तुडवत मोठी झाली. तिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. नाशिकच्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली सायकलवर अमेरिका आडवी पार करण्याची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. अशा दीर्घ पल्ल्याच्या खेळाडूंमध्ये विश्रांतीची नाडी चाळिशीत असणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे. तेव्हा नियमित व्यायाम करणारा माणूस, कसलाही त्रास नाही, ईसीजी चांगला, आणि श्रम केले की नाडी वाढते, अशा वेळी मंद नाडीला घाबरण्याचे कारण नाही.

दुसरी मंद नाडी

आता दुसऱ्या रुग्णाची गोष्ट. निफाडकडचे द्राक्ष बागायतदार, वय अडुसष्ट. आपण त्यांना आप्पा म्हणू. ऑक्टोबरात गोडी छाटणी चालू असताना ते बागेत पडले. दोन मिनिटांत उठून बसले. मजुरांनी पाणी पाजले, कांदा हुंगवला. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले.

"काय नाही डॉक्टर, उन्हानं जरा डोळ्यापुढं अंधारी आली," आप्पा म्हणाले.

मी रक्तदाब घेतला. वरचा आकडा १७०, खालचा ७०. त्यांना रक्तदाबाचा त्रास होताच. मी गोळी वाढवून दिली, एक टॉनिक लिहून दिले आणि उन्हात टोपी घाला म्हणून सांगितले. बाहेर पंचवीस रुग्ण ताटकळत होते. यंत्राच्या तळाशी तिसरा आकडाही उमटला होता, तो नाडीचा. त्याच्याकडे मी नीट पाहिलेच नाही.

डिसेंबरात आप्पा पुन्हा पडले, या वेळी घराच्या ओट्यावर. कपाळाला खोक पडून चार टाके घालावे लागले. मुलगा आणि सूनबाई त्यांना घेऊन आले. मुलगा म्हणाला, "वय झालं, तोल जातो त्यांचा." आप्पांनीही मान डोलावली. तेवढ्यात सूनबाई हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, मी बघितलंय. मामंजी पडायच्या आधी एकदम पांढरेफटक होतात. आणि शुद्धीवर आले की तोंड लालबुंद होतं."

या एका वाक्याने माझे डोळे उघडले. मी मनगटावर बोटे ठेवली आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजले. नाडी भरली ३६. ऑक्टोबरातला माझा कागद काढून पाहिला. यंत्राची चिठ्ठी त्यालाच डकवलेली होती. तिसरा आकडा होता ४२. आप्पा काही धावपटू नव्हते. त्यांना जिना चढताना दम लागू लागला होता, दुपारी गळून गेल्यासारखे वाटत होते आणि दोनदा शुद्ध गेली होती. हे सगळे वयाच्या खात्यावर टाकून आम्ही मोकळे झालो होतो.

पाटाला पाणी, पण चारीचे दार बंद

ईसीजीत दोष स्पष्ट दिसला. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो दर ठोक्याला विजेचा सूक्ष्म इशारा सोडतो. तो इशारा मधल्या एका नाक्यावर क्षणभर थांबून खालच्या कप्प्यांत उतरतो आणि ते आकुंचन पावून रक्त शरीरभर ढकलतात. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा हे बिनबोभाट घडते.

आप्पांच्या हृदयात वरचा पुंजका आपले काम चोख करत होता, पण मधला नाकाच बंद पडला होता. कालव्याला आवर्तन सुटले आहे, पाट तुडुंब वाहतो आहे, पण आपल्या शिवाराच्या चारीचे दार गंजून अडकले आहे, अशी ती अवस्था. तेव्हा खालचे कप्पे स्वतःच्या आधाराने, मिनिटाला २० ते ४० इतक्या संथ गतीने कसेबसे चालतात. याला 'कम्प्लीट हार्ट ब्लॉक' म्हणतात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबी साचून होणाऱ्या 'ब्लॉकेज'हून हा प्रकार निराळा. तिथे नळ तुंबतो, इथे तार तुटते. उतारवयात ही तार झिजणे हे याचे नेहमीचे कारण.

मध्येच काही सेकंद खालचे कप्पे थांबले की मेंदूला रक्त पोचत नाही आणि माणूस उभ्याचा आडवा होतो. चेहरा पांढरा पडतो. ठोका पुन्हा सुरू झाला की रक्त उसळून चेहरा लाल होतो. सूनबाईंनी नेमके हेच टिपले होते. वरचा रक्तदाब वाढण्याचे कारणही यातच असते. ठोके विरळ, म्हणून दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय जास्त भरते आणि प्रत्येक ठोका जोराचा बसतो. मी त्या जोराला गोळी दिली आणि त्यामागच्या मंदपणाकडे दुर्लक्ष केले. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी आणखी मंद करतात. तशी गोळी माझ्या हातून लिहिली गेली नाही, हे आप्पांचे नशीब आणि माझेही.

खांद्याखालचा सोबती

त्याच रात्री आप्पांना तात्पुरता आणि दोन दिवसांनी कायमचा पेसमेकर बसवला गेला. या शब्दाला लोक फार घाबरतात. 'हृदयाचे ऑपरेशन' म्हटले की छाती उघडणार असे वाटते. तसे काही नसते. बहुधा तेवढी जागा बधिर करून गळपट्टीच्या हाडाखाली लहानसा छेद घेतात, शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेतात आणि काडेपेटीहून लहान यंत्र त्वचेखाली ठेवून टाके घालतात. नाडी मंद झाली की यंत्र इशारा देते, ठीक असेल तेव्हा गप्प राहते. त्याची बॅटरी साधारण आठ-दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक चालते.

या यंत्राची पहिली कहाणी मोठी हृद्य आहे. स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाच्या गृहस्थाला अशाच हृदयरोधामुळे दिवसातून कित्येकदा झटके येत. त्यांच्या पत्नीने डॉक्टर ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांचा पिच्छाच पुरवला. शेवटी ८ ऑक्टोबर १९५८ रोजी त्यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. तो काही तासच चालला! पण माणसे थांबली नाहीत. लार्सन यांनी आयुष्यभरात वीसहून अधिक यंत्रे बदलली. वाचवणारा डॉक्टर आणि यंत्र करणारा अभियंता या दोघांच्याही मागे ते जगले आणि २००१ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी गेले, तेही हृदयविकाराने नव्हे.

खर्चाची काळजी अनेकांना असते. राज्य शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकर बसवण्याचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे कागदपत्रांची चौकशी करावी. पैशाअभावी हा उपचार लांबणीवर टाकू नये.

नाडी मंद करणाऱ्या इतर गोष्टी

प्रत्येक मंद नाडीला पेसमेकर लागत नाही. पुष्कळदा कारण दुसरेच असते आणि ते दूर केले की नाडी पूर्ववत होते.

सर्वांत आधी घरातली औषधे तपासावीत. रक्तदाब व हृदयविकारासाठी दिली जाणारी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन ही औषधे नाडी मंद करतात. बरेचदा तोच हेतू असतो, पण प्रमाण जास्त झाले की त्रास होतो. काचबिंदूसाठी डोळ्यात घालायचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा रक्तात उतरून काहींची नाडी खाली आणतात. डोळ्याच्या औषधाचा नाडीशी काय संबंध, असे वाटून रुग्ण ते सांगतच नाहीत. मात्र यातली कोणतीही गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नये. तेही धोक्याचे असते.

थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले की नाडीही मंदावते. वजन वाढणे, थंडी सहन न होणे, केस गळणे, बद्धकोष्ठ आणि सुस्ती अशी लक्षणे बरोबर असतात. बायकांमध्ये हे अधिक आढळते आणि साध्या रक्ततपासणीने कळते. मूत्रपिंडाच्या रुग्णांत रक्तातले पोटॅशियम वाढूनही नाडी घसरते. हृदयविकाराच्या काही झटक्यांत छातीपेक्षा पोटात दुखते, उलटी होते, दरदरून घाम फुटतो आणि नाडी मंद होते. त्याला पित्त समजून सोडा पीत बसू नये.

आपल्या द्राक्षपट्ट्यात आणखी एक कारण विसरून चालणार नाही, ते म्हणजे फवारणी. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांची बाधा झाली की तोंडाला लाळ सुटते, घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, श्वासात घरघर लागते आणि नाडी मंद होऊ शकते. अशा वेळी स्वतः हातमोजे घालून त्याचे कपडे काढावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरचे लेबल सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे. कण्हेर आणि बिट्टी यांच्या विषानेही हृदयाचे ठोके असेच मंदावतात. कुंपणाला लावलेल्या बिट्टीच्या फळांपासून लहान मुलांना जपावे.

आणि एक प्रकार साधा. श्रावणी सोमवारी त्र्यंबकच्या रांगेत तासन् तास उभे राहून, किंवा रक्त पाहून, एखाद्याला भोवळ येते. तेव्हाही नाडी क्षणभर मंद होते. आडवे करून पाय उंच ठेवले की माणूस ताळ्यावर येतो. पण उतारवयात, बसल्या जागी किंवा काही पूर्वसूचना न होता शुद्ध गेली, तर ती भोवळ समजू नये.

नाडी मोजावी कशी?

आपल्याकडे नाडीपरीक्षेची परंपरा जुनी. शार्ङ्गधरसंहितेत तर नाडीच्या चालीला हंसाच्या, सापाच्या चालीची उपमा दिली आहे. आपल्याला एवढ्या खोलात शिरायचे नाही, फक्त मोजायचे आहे.

चहा, तंबाखू किंवा श्रम झाल्यावर अर्धा तास जाऊ द्यावा. पाच मिनिटे शांत बसावे. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दुसऱ्या हाताची मधली दोन-तीन बोटे हलकेच ठेवावीत. अंगठ्याने मोजू नये, कारण त्याचा स्वतःचाच ठोका जाणवतो. सेकंदकाट्याकडे बघत पूर्ण साठ सेकंद मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची घाई करू नये. मध्येच ठोका चुकतो का, तेही पाहावे.

यंत्र आणि हातातली नवी घड्याळे सोयीची आहेत, पण त्यांचाही घोटाळा होतो. काहींच्या हृदयात एक ठोका नीट आणि पुढचा अवेळी व दुबळा पडतो. तो मनगटापर्यंत पोचतच नाही. मग हृदयाचे ठोके ७६ असतात आणि यंत्र दाखवते ३८. म्हणून यंत्राने भलता आकडा दाखवला तर हाताने मोजावे आणि डॉक्टरकडून ईसीजी काढून घ्यावा.

हे लक्षात ठेवा

● नाडी ५० ते ६०, त्रास काही नाही : काळजी नको. पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगा.

● नाडी ५० च्या खाली, व्यायामाची सवय नाही किंवा वय साठीच्या पुढे : त्रास नसला तरी काही दिवसांत ईसीजी काढा.

● नेहमी सत्तरीत असणारी नाडी अलीकडे चाळीस-पन्नासवर आली : औषधे व थायरॉईड तपासून घ्या.

● मंद नाडीबरोबर चक्कर, थकवा, चढताना दम किंवा पायांना सूज : त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

● मंद नाडी आणि शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, दरदरून घाम किंवा श्वास घेण्यास त्रास : वाट पाहू नका, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नका.

● कोणी पडले तर पाहणाऱ्याने चेहऱ्याचा रंग, किती वेळ शुद्ध नव्हती आणि नाडी कशी होती, हे ध्यानात ठेवून डॉक्टरांना सांगावे.

भाचा पुन्हा धावू लागला आहे. आप्पांनी पाडव्याच्या सुमारास बागेत जायला सुरुवात केली. परवा तपासणीला आले तेव्हा द्राक्षांची पेटी टेबलावर ठेवून म्हणाले, "डॉक्टर, आता जिना चढताना मध्ये थांबावं लागत नाही." मी त्यांना ऑक्टोबरातल्या त्या तिसऱ्या आकड्याची गोष्ट सांगितली. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "माझ्या वेळी झालं ते झालं. दुसऱ्याचा आकडा बघत चला."

तेव्हापासून दवाखान्यात कितीही गर्दी असो, चक्कर आलेल्या माणसाची नाडी मी पूर्ण एक मिनिट मोजतो. वाचकांनीही एवढे करावे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशोब लिहितो. तिथेच आठवड्यातून एकदा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नाडीचा आकडा लिहावा. साठ सेकंदांचेच काम आहे.